सुटली का गं?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शैलजाला नाही, आणि खरं तर तिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं. तिच्या भावाला, गणूला नाही. मुश्ताकला यातलं अर्धं ठाऊक आहे, पण ते अर्धं असं आहे की त्यावरून उरलेलं अर्धं कुणाला सुचू नये. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. सांगताना मी अडखळेन, मध्येच भलतीकडे वळेन. वळलो तर वळू द्या. कुठूनही निघालो तरी मी त्याच कातळावर येऊन पोचतो, हे एव्हाना मला कळून चुकलं आहे.

आधी माझ्या छातीतल्या आवाजाबद्दल सांगितलं पाहिजे.

माझ्या हृदयातली एक झडप कृत्रिम आहे. लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापाने मूळची झडप नासवली होती; ते कळलं चाळिशीत, जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा. मुंबईच्या इस्पितळात छाती उघडून ती बदलली. ही नवी झडप उघडमीट करताना टिकटिकते. बाजारात ऐकू येत नाही, पण शांत खोलीत शेजारच्या माणसाला येते. शैलजाला त्या आवाजावर झोप लागते. एखाद्या रात्री तो अंथरुणात दबला गेला तर ती दचकून जागी होते.

आणि गणूला तर तो दारातूनच ऐकू यायचा. गणू माझा मेहुणा. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत त्याच्या म्हशी आहेत, थोडी वरकस शेती आहे. त्याचे कान म्हणजे वाडीतली एक नावाजलेली गोष्ट होती. रानात दिसेनाशी झालेली म्हैस तो नुसत्या गळ्यातल्या घंटेवरून शोधून आणी — कुठली म्हैस, कुठल्या ओढ्या-वहाळात, चरते आहे की बसली आहे, सगळं सांगे. महाडला आमच्याकडे आला की पायरीवरूनच ओरडायचा, "भावजी, घड्याळ झ्याक चाललाय तुमचा! किल्ली कोन देतो, ताय काय?"

यायचा, ओरडायचा, असं मी लिहिलं. ते तुमच्या लक्षात आलं असेल.

मी पाणबुड्या होतो. आखाती देशातल्या एका बंदरात जहाजांचे तळ आणि धक्क्यांचे खांब तपासायचं काम मी कैक वर्षं केलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि सोबत जोडीदार. माझा जोडीदार दासगावचा मुश्ताक. मला पाण्याचं वेड होतं असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरेसं खरं नाही. मला तळाचं वेड होतं. कुठलंही साचलेलं पाणी पाहिलं की याच्या तळाला काय असेल, हा प्रश्न मला छळायचा. लग्न झालं तेव्हा शैलजाच्या माहेरी मला देवीचा कोंड दाखवला. नदीच्या पात्रातला हिरवागार डोह, त्यात हाताएवढे मासे. ते आईचे, म्हणून कुणी धरत नाही, आणि त्या पाण्यात कुणी उतरतही नाही. सासरे म्हणाले, सात बाजांची सुंभं सोडून दोर केला होता, तरी तळ लागला नाही. नवा जावई म्हणून मी मान डोलावली. पण रात्रभर मनात हिशेब चालला होता — एका बाजेला सुंभ किती लागतं?

म्हणजे कुतूहल माझं जुनं. ते वाईट होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. ते कशाच्या आड उभं राहतं, हे मात्र आता दिसतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, इस्पितळातली भेटीची वेळ संपत आली असताना, शैलजाने स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली. "माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा बुडी मारायची नाही. तुम्ही पाणी सोडा. मी मासे सोडते. कोंडावरच्या आईला तसं बोलून आले आहे."

तिने मासे सोडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. पावसाच्या सुरुवातीला खाडीत चिवणी येते, पोटात अंड्यांची गाबोळी भरलेली. शैलजा ती चिवणी बोटांनीच पारखून घ्यायची, कालवण उकळताना वाफेत तोंड घालून उभी राहायची, आणि जेवताना तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. काटेसुद्धा ती असे चोखायची की मांजर नाराज होऊन निघून जाई. ही बाई मासे सोडणार होती. मी हो म्हणालो. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं असं आपण म्हणतो. मी पाण्यावरच पाणी सोडलं. त्या संध्याकाळी मी ते मनापासून सोडलं होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

परत आल्यावर महाडच्या बाजारात पाइप आणि पंपांचं दुकान घातलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, पथ्य, चालणं. टाके बुजले, दम भरून आला. वर्ष सरलं, आणखी काही महिने गेले. आणि मग एका सकाळी महाडच्या एसटी स्टँडवर ती गोष्ट घडली.

तुम्हाला लहानपणीचा नियम आठवत असेल. शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, तरच ती सुटते. आणि तो शब्द त्याच्या तोंडून कसाही काढून घेतला तरी चालतो. आम्ही पोरं त्यासाठी काय काय युक्त्या करत असू. "त्याच्या चड्डीची नाडी काय झाली रे?" — "सुटली!" — की झालं, शपथ गेली.

आम्ही तिच्या माहेरी लग्नाला निघालो होतो. मी सावकाश चालत होतो, म्हणून ती गाडी धरायला पुढे धावली. मी फाटकातून आत येतो तर ती फलाटावर कपाळाला हात लावून उभी. मी लांबूनच विचारलं, "सुटली का गं?" ती वैतागून म्हणाली, "सुटली!"

पहिल्यांदा मी विचारलं ते गाडीबद्दल. हे मी शपथेवर सांगेन — पण माझ्या शपथेला काय किंमत! मी तिच्याजवळ पोचलो. तो शब्द माझ्या कानात तसाच होता. आणि मी पुन्हा विचारलं, अगदी हळू, "काय, सुटली?" ती म्हणाली, "अहो, सांगते तर आहे — सुटली. आता दुसरी लागेपर्यंत बसा." पिशवीतून तिने पाण्याची बाटली काढली, मला गोळी दिली.

दुसऱ्यांदा विचारलं ते गाडीबद्दल नव्हतं.

त्या दोन प्रश्नांच्या मधली जी पाचपन्नास पावलं मी चाललो, त्यांच्याबद्दल मला अजूनही कुतूहल आहे. त्या पावलांवर चालणारा माणूस कोण होता? पंचेचाळिशीचा, दुकानदार, चारचौघांत शहाणा समजला जाणारा. त्याला खरंच असं वाटलं का, की बायकोला फसवून तिच्या तोंडून काढलेल्या एका शब्दाने त्याची सुटका होते? नसेल वाटलं. मग त्याला तो शब्द कशाला हवा होता? मला वाटतं, आपण स्वतःला फसवायला निघतो तेव्हाही एखादी पावती जवळ असावी असं वाटतं.

थोड्याच दिवसांत मी दासगावला गेलो. मुश्ताक आखातातून कायमचा परत आला होता. येताना जुना कॉम्प्रेसर आणि टाक्यांचे दोन संच घेऊन आला होता, आणि पाणीयोजनांच्या विहिरींतले फुटव्हॉल्व्ह साफ करणं, होड्यांचे बुडालेले नांगर काढणं अशी कामं करत होता. मला दारात बघून त्याने आधी माझ्या छातीलाच कान लावला. "या अल्ला! अरे, तू माणूस हायस की भिंतीवरचा घड्याळ?" मग गंभीर झाला. "डाक्टरनं सोडला तुला?" मी म्हणालो, सोडलं. डॉक्टरांना मी पोहण्याविषयी विचारलं होतं, बुडीविषयी नाही. "आनि वहिनीनं? तिची तर शपथ व्हती ना?"

"सुटली म्हणाली," मी म्हणालो.

शब्दशः खरं वाक्य. ती म्हणालीच होती.

दासगावला सावित्रीच्या खाडीचं पाणी गढूळ असतं. भरतीच्या वेळी थोडं निवळतं. आम्ही भरती बघून उतरलो. पाणी डोक्यावरून गेलं, वरचे सगळे आवाज मिटले, आणि माझ्या हवेच्या बुडबुड्यांच्या मधल्या शांततेत मला ती ऐकू आली — टिक, टिक, टिक. जमिनीवर ती टिकटिक माझ्या छातीत असते. पाण्याखाली मीच त्या टिकटिकीत होतो. चहूकडून ती येत होती. हाताच्या अंतरापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि तळाच्या चिखलात बोटं रुतवून मी नुसता ऐकत राहिलो. मला भीती वाटायला हवी होती. मला इतकंच वाटत होतं, की हे कुणी ऐकलं असेल का याआधी? वर आल्यावर मुश्ताक म्हणाला, "मलाबी ऐकाय येत व्हता रं. मासे काय म्हनतील, कोन आला टायमर लावून!" आम्ही होडीच्या कडेला धरून पोट दुखेपर्यंत हसलो.

त्यानंतर मी जात राहिलो. घरी सांगायचो, वीर स्टेशनला माल आलाय, सोडवून आणतो. निघताना म्हणायचो, "येतो." मुश्ताकच्या विहिरीवर अंघोळ करून, केस कोरडे करून परत यायचो. एकदा खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळहात कापला. पातळ रक्त, थांबता थांबेना. घरी सांगितलं, पत्रा लागला. शैलजा हळद दाबून धरून कितीतरी वेळ बसली होती. मध्येच म्हणाली, "आज घड्याळ पुढे धावतंय तुमचं." मी म्हणालो, ऊन होतं.

आणि दर पावसाळ्यात ती माझ्यासाठी चिवणी करत होती. स्वतः वरणभात घेऊन बसायची. मीठ चाखायलासुद्धा कालवण जिभेला लावत नसे. पळीत थोडं काढून माझ्यापुढे धरायची, "मीठ बघा." मी बघायचो. सांगायचो. इतका जबाबदार माणूस मी होतो, मिठाच्या बाबतीत.

तुम्हाला वाटेल, हाच तो दोष. मलाही बरीच वर्षं तसं समजायला आवडलं असतं. एवढंच असतं, तर कदाचित मी ते एखाद्या संध्याकाळी तिला सांगून टाकलं असतं. तिने दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग बाजारातून चिवणी आणली असती.

तिच्या माहेरी शिमग्याला देवीची पालखी निघते. पालखीत चांदीचे मुखवटे बांधतात; तिकडे त्यांना रूपं म्हणतात. पालखी घरोघर फिरून झाली की शेवटच्या दिवशी कोंडावर नेतात, आईला तिचे मासे दाखवायला. त्या वर्षी शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही पोचलो होतो. कातळावर पालखी नाचवताना एका गड्याचा पाय सरकला, पालखी पाण्याच्या बाजूला कलली, आणि ओरडा झाला — "सुटला! रूप सुटला!" एक बारीकसा आवाज आला. मासे बाजूला झाले आणि पुन्हा एकत्र आले.

ढोल थांबले. रूप परत आल्याशिवाय पालखी देवळात न्यायची नाही, आणि दिवस मावळायच्या आत तर न्यायलाच हवी. बाया रडायला लागल्या. आणि मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाडीचे मुख्य गावकर तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "जावई, हा काम तुमचा हाय."

मी तोंड उघडायच्या आत शैलजा पुढे आली. माहेरी गेली की तिची बोली बदलते. "त्यास्नी नका सांगू, तात्या. शपथ हाय माझ्या गळ्याची. त्यांनी पानी सोडलाय, मी मासे सोडलेत."

"मग सोड की गो पोरी," तात्या म्हणाले. "आईचा रूप पान्यात हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. हात गळ्याकडे गेला. नुसते ओठ हलले — "सोडू?"

इथे थांबतो जरा.

मी हो म्हणू शकलो असतो. तिने सगळ्यांसमोर 'सुटली' म्हटलं असतं, आणि माझी सगळी जुनी चोरी त्या एका शब्दाखाली झाकली गेली असती. मुश्ताकचे संच आणून मी उतरलो असतो. ज्या तळाने मला वीस वर्षं झुलवलं, तो बघितला असता, तोही सन्मानाने. मग मी मान का हलवली? नको, अशी? चोरलेली वस्तू मालकानेच आपणहून हातावर ठेवली, तर चोर ती कुठल्या तोंडाने घेणार — असं काहीसं वाटलं असेल. हे उत्तर छान आहे. माझा त्याच्यावर विश्वास नाही. कारण माझी मान हलताच बायकांमध्ये जी कुजबुज झाली, ती मला ऐकू आली, आणि ती मला गोड लागली. "बग गो, असा नवरा पायजे. देवीसाठी पन बायकोचा शब्द मोडीत नाय." एक म्हातारी म्हणाली, "आमचा असता तर बायकोलाच ढकलला असता कोंडात!" एवढ्या गोंधळातही हशा पिकला. शैलजाचे डोळे भरून आले होते. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं तिने लग्नातही बघितलं नव्हतं.

आणि तात्यांनी विचारलं, "मंग तुमचा तो दासगावचा दोस्त? मुसलमान? त्याच्याकडं हाय म्हनं ते टाकीचा सामान. मानूस कंचाबी असूंदे, आईला काय नाय त्याचा. खाली रस्त्याला जीप उभी हाय. बोलवून आनतो."

मुश्ताक घरी होता. आदल्या दिवशीच मी त्याच्यासोबत खाडीत होतो. निघताना त्याने बजावलं होतं, वहिनीच्या हातच्या पोळ्या आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. जीपने जाऊन तो उन्हं कलायच्या आत आला असता. त्याच्यासाठी ते काम चहा पिण्याइतकं होतं. पण मुश्ताकच्या पोटात काही राहत नाही. आणि त्याच्या लेखी लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंही. तो कातळावर येऊन पहिल्याच दमात म्हणाला असता, "अरे, मला कशाला बोलावलात? हा काल तर माझ्याबरोबर पान्यात व्हता!"

मी म्हणालो, "मुश्ताक इथे नाही. परत गेला तो, दुबईला."

हे ते. इतकंच. एका दमात म्हणता येतं — आणि मला ते कागदावर आणायला एवढी वर्षं लागली.

तात्यांनी निःश्वास टाकला. आणि गणूने सदरा काढला.

गणूला दोन दिवसांपासून सर्दी होती. होळीचा धूर बाधला म्हणून घरात त्याची थट्टा चालली होती. तात्यांनी नारळ वाढवला, आईची माफी मागितली, आणि गणू कोंडात उतरला. मी पाण्याकडे पाठ करून बसलो. पाणी सोडलेल्या माणसाने कसं बसावं, ते मला त्या क्षणी नेमकं सुचलं. लोकांनी तेही पाहिलं.

तो वर आला. रिकामा. धापा टाकत माझ्याजवळ आला — माझ्याचकडे, कारण तिथे पाण्यातलं कळणारा मीच होतो. "भावजी, कानात सुरी घातल्यागत व्हताय. काय करू?"

काय करायचं ते मला ठाऊक होतं. नवशिक्या पाणबुड्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते — नाक चिमटीत धरून आतल्या आत फुंकर घाल, कान मोकळे होतात. आणि सर्दी असेल तर ते होत नाहीत, म्हणून उतरूच नकोस. यासाठी शपथ मोडावी लागत नव्हती. मुश्ताकचं नाव काढावं लागत नव्हतं. तोंड उघडायचं होतं. पण पाण्याकडे पाठ फिरवलेल्या माणसाचं सोंग इतकं चांगलं वठलं होतं, की त्यातून बाहेर येऊन पाण्याबद्दल बोलायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, "जपून."

जपून! काय अर्थ होता त्याला?

तो पुन्हा गेला. पुन्हा. शेवटी एकदा त्याला फार वेळ लागला, आणि मग पाणी फुटलं, आणि हातात ते चांदीचं रूप होतं. ढोल वाजायला लागले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो हसत होता, आणि त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरत होती. शैलजाने ती पदराने टिपली. दिवस मावळायच्या आत पालखी देवळात गेली.

दुसऱ्या दिवशी महाडला डॉक्टरांच्या दाराशी, बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. त्याच्या कानात कापूस होता. मी त्याला पहिला प्रश्न कुठला विचारला असेल? दुखतंय का रे — हा नाही. मी विचारलं, "गणू, तळाला काय होतं?"

त्याचा चेहरा उजळला. त्यालाही ते कुणाला तरी सांगायचं होतं. "वाळू, भावजी. बारीक, पांढरी. सात बाजा कशाला, दोन बाजांची सुंभंबी नको. आन् मासे — अंगाला लागून जात व्हते. भीत नाय. वळखीचे असल्यागत."

मी ऐकत राहिलो. माझं वीस वर्षांचं कुतूहल त्याने एका बाकावर भागवलं, आणि त्याची किंमत त्याच्या कानातल्या कापसात होती. तरीही — तुम्हाला खरं सांगायचं म्हणूनच बसलो आहे — मला त्या वेळी त्याचा हेवा वाटला.

पडदा फाटला होता. मग कान वाहू लागला, मग बरा झाला असं वाटलं, मग पुन्हा वाहू लागला. वर्षभरात त्या कानाचं ऐकणं गेलं. एक कान तर आहे, असं लोक म्हणाले. पण एका कानाने आवाज येतो. कुठून येतो ते कळत नाही. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. गणू रानात उभा राहतो, म्हशीची घंटा त्याला ऐकू येते, आणि तो उलट्या वहाळात उतरतो. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याची एक दुभती म्हैस कड्याखाली मेलेली सापडली. दोन दिवस ती हाकेच्या अंतरावर अडकून पडली होती. तो म्हणतो, घंटा ऐकली मी भावजी, पन चारीकडनं ऐकली.

मुश्ताकला हे बाजारात कळलं, तेव्हा तो दुकानात येऊन माझ्यावर चिडला. "मला का नाय बोलावलास? मी घरातच व्हतो!" मी म्हणालो, गडबडीत सुचलं नाही. त्याने कपाळावर हात मारला. "एवढा शिकलेला मानूस, आनि सुचला नाय!" त्याच्याजवळचं अर्धं ते हे. वाडीतल्या माणसांना मुश्ताक पुढे कधीतरी महाडला दिसला, तेव्हा मी सांगितलं, हल्लीच आला परत. कुणी काही विचारलं नाही. शपथ पाळणाऱ्या माणसाला कोण विचारतं?

त्या दिवसानंतर मी पुन्हा पाण्यात उतरलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. उतरलो. महिना झाला नसेल. मुश्ताकने कॉम्प्रेसर विकून टाकला आणि तो मुलाकडे राहायला गेला, तोपर्यंत उतरत राहिलो. प्रत्येक वेळी पाणी डोक्यावरून गेलं की ती टिकटिक चहूबाजूंनी यायची, आणि मला गणूची घंटा आठवायची. आठवायची, आणि तरी मी खाली जायचो. हे कसं जमतं, याचंही मला कुतूहल आहे. अजून उत्तर सापडलेलं नाही.

आता मी पन्नाशी ओलांडली. शैलजाने मासे खाल्लेले नाहीत. माहेरच्या बायका आपल्या लेकींना आमचं उदाहरण देतात.

गेल्या पावसाळ्यात गणू आला होता, येताना बाजारातून चिवणी घेऊन. पायरीवर तो आता काही ओरडत नाही. घरात येऊन, पाय धुऊन, उजवा कान माझ्याकडे वळवून विचारतो, "भावजी, घड्याळ चालू हाय ना?" मी म्हणतो, आहे. मग आम्ही जेवायला बसतो. तो भिंतीशी बसतो, आणि मी माझा पाट नेहमी त्याच्या डाव्या हाताला मांडतो. तिथून त्याला माझं घड्याळ ऐकू येत नाही.

शैलजा पळीत कालवण घेऊन येते, माझ्यापुढे धरते. "मीठ बघा."

मी चाखतो. बेताचं आहे, म्हणून सांगतो.